निजू दे त्याला

रतनला झोप लागावी, एवढंच त्या घरात सगळ्यांना पाहिजे होतं. नोकरीचं नंतर बघू, पोरगी बघायचं नंतर बघू. आधी पोरगा झोपला पाहिजे.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, जिथे बिल्डिंगी संपून गाव लागतं, तिथे गोमाजीचं घर. गोमाजी म्हातारा झालेला तरी होडी घेऊन खाडीत जायचा. मोठा मुलगा भिवाजी रेतीच्या होडीवर. म्हणजे खाडीच्या तळाला बुडी मारायची, बादली रेतीने भरायची, वर यायचं, परत बुडी. धाकटा रतन मात्र पाण्यात गेला नाही. तो गेला एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीत.

तो घरी आला की आज कंपनीत कुठला रंग चाललाय ते त्याच्याकडे बघूनच कळायचं. कधी कानामागे पिवळा, कधी नखात निळा. आंघोळ करून बसला तरी घामातून गुलाबी निघायचा. त्याची उशी गुलाबी, त्याची बनियन गुलाबी. गल्लीतली पोरं त्याला रंगपंचमी म्हणायची. रतन हसायचा. म्हणायचा, तुमची वर्षातनं एकदा, माझी रोज, वर पगार पण.

म्हणूनच जेव्हा पहिल्यांदा कोणीतरी आवडाबाईला सांगितलं की तुझा रतन गर्द घेतो, तेव्हा तिला तो कंपनीतला रंगच वाटला. गर्द निळा असतो, गर्द लाल असतो, तसला कुठला तरी. तिने रतनला रोज गूळ आणि दूध द्यायला सुरुवात केली. रंग पोटात गेलाय, दुधाने बाहेर पडेल. दोन महिने ती हे करत होती. भिवाजीला माहीत होतं गर्द म्हणजे नशेची पावडर, रेतीच्या धक्क्यावर दोन-तीन जण होते तसले. पण आईला सांगायला त्याची जीभ उचलली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ते खरं नको होतं. रात्रपाळीने बारीक झालाय, असं तो पण म्हणत राहिला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी गोमाजी पाग घेऊन खाडीवर गेला. पाग म्हणजे फेकायचं जाळं, त्याच्या घेराला सगळीकडून शिशाच्या गोळ्या असतात, त्या वजनाने ते तळाला बसतं. गोमाजीने हात फिरवून पाग टाकला आणि तो पाण्यावर तरंगला. साडी वाळत घातल्यासारखा. म्हाताऱ्याने ओढून घेतला, बघितलं, एकही गोळी नाही. कोणीतरी बसून एकेक कापून घेतलेली. भंगारात विकायला.

गोमाजी घरी आला, पाग ओटीवर टाकला आणि रतनकडे बघत बसला. रतन रडायला लागला. त्या दिवशी घरात सगळ्यांना सगळं कळलं.

रतन एकटा नव्हता. त्याच्याच कंपनीतला मधु, समोरच्या चाळीतल्या रमाबाईचा मुलगा, दोघं मिळूनच पन्नी ओढायचे. चांदीच्या कागदावर पावडर, खालून काडी, वरून नळीने धूर. रमाबाई साताऱ्याकडची, नवरा गेलेला, एकटीने मुलगा वाढवलेला. ती हातपाय गाळून बसली नाही. तिने मधुला कर्जतच्या पुढे कुठल्यातरी आश्रमात नेऊन टाकला, तीन महिन्यांसाठी. भिवाजीला पण म्हणाली, रतनला पाठव सोबत. गोमाजी नाही म्हणाला. आपला माणूस आपल्या घरात बरा होईल.

मग भिवाजीने रेतीच्या कामावर रजा टाकली आणि रतनला मागच्या खोलीत घेऊन बसला. पावडर तुटली की लागते ती टर्की त्याला लागली. नाक गळतंय, जांभया थांबत नाहीत, पाय आपोआप झटके मारतायत. हाडांत कोणीतरी पिळा घालतंय म्हणायचा. भिवाजी त्याचे पाय धरून बसायचा, आवडाबाई खोबरेल तेल चोळायची. आणि झोप नाही. बारा दिवस त्या पोराला झोप नाही. डोळे मिटले की आतून कोणीतरी ढकलतंय म्हणायचा. आवडाबाईने एकवीरा आईला हात जोडले. माझा पोरगा एक रात नीट निजू दे, त्याला घेऊन कार्ल्याचा डोंगर चढते.

त्या घरात झोपेला फार मान होता, हे इथे सांगितलं पाहिजे. बाप आणि मोठा मुलगा पाण्यावरचे. भरती-ओहोटी कधी पहाटे, कधी दुपारी, त्यांची झोप तिच्या मागे. म्हणून नियमच होता, पाण्यावरून आलेला माणूस झोपला की त्याला कोणीही उठवायचं नाही. त्याच्या झोपेत रेडिओ बंद. भिवाजीची बायको मालन मसाला कुटायला शेजारी जायची. एकदा पोलीस चौकीचा हवालदार गोमाजीकडे कसल्याशा सहीसाठी आलेला, आवडाबाईने त्याला दोन तास ओटीवर बसवला, चहा पाजला, पण म्हाताऱ्याला उठवला नाही. रतनला हा मान कधी मिळाला नव्हता. त्याचं काम भोंग्यावर. आई त्याला सहाला हलवून उठवायची आणि तो उशीत तोंड घालून म्हणायचा, मी पण खाडीवर जातो आये, निदान झोपायला तरी मिळेल.

तेराव्या दिवशी त्याला झोप लागली. तीन तास. आवडाबाई दाराशी पदर तोंडाला लावून बसलेली. मग रोज थोडी-थोडी वाढली. रतन जेवायला लागला. बापाबरोबर होडीवर जायला लागला. नव्या गोळ्या आणून त्याने स्वतः बसून पागाला लावल्या, मान वर न करता. अंगातून अजून रंग निघायचा, चादरीवर फिकट डाग पडायचे. आवडाबाई ते डाग सगळ्यांना दाखवायची. बघा, बाहेर पडतंय सगळं.

वैशाखात चुलत बहीण चंद्रभागाचं लग्न निघालं. गल्लीतच, चार घरं सोडून. हळदीच्या दिवशी सकाळपासून मांडवात गर्दी. बायका तांदूळ निवडतायत, पोरं पताका लावतायत, पुरुष मंडळी मागच्या पडवीत बसलेली. आमच्याकडे हळदीला दारू नसली तर लोक विचारतात घरात कोण आजारी आहे का. दारूला तिथे कोणी व्यसन म्हणत नाही. ती पाहुणचारात धरली जाते.

रतन पडवीच्या दाराशी उभा होता. आत येत नव्हता. अडीच महिने तो कुठल्याच बैठकीत बसला नव्हता, आणि बसलेल्यांनाही त्याला बोलवावं का नाही कळत नव्हतं. सगळे एकदम गप्प झाले, मग एकदम जास्त बोलायला लागले. भिवाजीला ते बघवलं नाही. त्याने ग्लास भरला.

"ये रे, बस इथं. ही चालते. ही आपली हाय. ती पावडर तेवढी नको."

रतनने ग्लास घेतला. कोणीतरी म्हणालं, चला, रंगपंचमी परत आली. सगळे हसले, रतनपण हसला, भिवाजीच्या मांडीला मांडी लावून बसला. भिवाजीने दुसरा पण भरला. त्याला वाटलं, झालं, माझा भाऊ माणसांत आला.

साडेबाराच्या सुमारास रतन उठला, म्हणाला स्टेशनवरून फुलांच्या वेण्या आणायच्यात, चंद्रीने सांगितलंय. गेला. दीड वाजता आला. वेण्या होत्या हातात, खरंच. त्या त्याने मालनकडे दिल्या, म्हणाला वहिनी झोप येतेय गं, आणि आपल्या घरी जाऊन मधल्या घरात चटईवर आडवा झाला.

पाच मिनिटांत घोरायला लागला.

असं घोरणं त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. घर्रर्र करून यायचं, मग मध्येच बंद व्हायचं, मग परत, खोलवरून, एखादी जड होडी वाळूवरून ओढत आणावी तसं. एक चुलता डोकावून गेला, म्हणाला याच्या आत मशीन बसवलाय का. आवडाबाईने त्याला हाताने बाहेर घालवला. तिचं तोंड उजळलं होतं. ती पंखा घेऊन उशाशी बसली. बाहेर मांडवात लाउडस्पीकर लावलेला, तिने गोमाजीला पाठवून त्याचं तोंड दुसरीकडे फिरवायला लावलं. हळदीच्या घरचा लाउडस्पीकर. पण फिरवला त्यांनी. सगळ्या गल्लीला माहीत होतं या पोराची झोप किती महाग आहे.

भिवाजी तीनदा येऊन बघून गेला. तिन्ही वेळा दारात उभं राहून ऐकत राहिला. त्याला बरं वाटत होतं.

दोन-सव्वादोनला मालन जेवायला वाढू का विचारायला आली. वाकून बघितलं तिने. म्हणाली, आई, भाऊजींचे ओठ निळे दिसतायत. आवडाबाईने पदराने रतनचे ओठ पुसले. पदराला काही लागलं नाही. ती म्हणाली कंपनीचा रंग आहे तो, अजून निघतोय, तीन वर्षांचा रंग तीन महिन्यांत थोडाच जातो. मालनने दारातल्या भिवाजीकडे बघितलं. ती परत म्हणाली की जरा हलवून तरी बघू या, उपाशीपोटी घेतलीय त्यांनी, दोन घास खातील.

आणि भिवाजी बोलला. आई बोलायच्या आधी तो बोलला.

"निजू दे त्याला."

मालन गेली.

चारच्या आसपास घोरणं थांबलं. आवडाबाईने पंखा खाली ठेवला, दार लोटलं, बाहेर येऊन म्हणाली आता शांत निजला. मग ती मांडवात गेली, अडीच महिन्यांत पहिल्यांदा बायकांत बसली, त्यांच्याबरोबर हळदीची गाणी म्हणाली. पाच वाजता चंद्रभागाला पाटावर बसवायची वेळ झाली, सगळे भाऊ पाहिजेत म्हणून आवडाबाई रतनला उठवायला घरी आली. आधी तिने त्याचा पाय धरला. पाय गार होता.

*

भिवाजीने रिक्षातून हॉस्पिटलात नेलं. तिथे करायचं काहीच नव्हतं. पोलीस आले, पंचनामा झाला, रतनच्या खिशातून चांदीच्या कागदाचा तुकडा निघाला आणि दोन रिकाम्या पुड्या.

ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता, भिवाजीपेक्षा लहानच असेल. त्याने भिवाजीला बाजूला घेतलं. विचारलं, किती दिवस बंद होतं? भिवाजी म्हणाला, अडीच महिने, एकदा पण नाही, आईची शपथ. आवाजात एक अभिमान होता, तो त्याचा त्यालाच ऐकू आला.

डॉक्टर म्हणाला, तेच झालं. शरीराची सवय मोडते, हाताची मोडत नाही. याने आधी घ्यायचा तेवढीच घेतली. दोन पुड्या. आधी त्याला दोन पचायच्या, आता अर्धी पण जड होती. शिवाय ही पावडर कुठे कडक येते, कुठे भेसळीची, ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि दारू होती पोटात. दोन्ही मिळून माणसाचा श्वास दाबतात. मरायचं म्हणून नाही घेतलं त्याने, एवढं लक्षात ठेवा.

मग त्याने विचारलं, घोरत होता का?

भिवाजी हो म्हणाला.

डॉक्टरने हातातला कागद खाली ठेवला. म्हणाला, ते घोरणं झोपेचं नसतं. जीभ मागे पडते, श्वास अडकतो, त्याचा तो आवाज. ओठ निळे पडतात. तेव्हा हलवून जागं करायचं, कुशीवर करायचं, उठत नसेल तर उचलून आणायचं. मोठ्या हॉस्पिटलात एक इंजेक्शन असतं, त्याने उठतात. आणि एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण तरुण होता, म्हणून बोलला: "दोन-अडीचला आणला असता तर बहुतेक वाचला असता."

भिवाजीने घरी सांगितलं, हार्ट फेल झालं. झोपेतच. कळलं पण नाही त्याला. पुड्यांचं तो बोलला नाही, आणि पोलिसांकडे जे काय लिहिलं गेलं ते वाचायला घरातलं कोणी जाणार नव्हतं. मालनला थोडा संशय आला असावा. तिने विचारलं नाही. फक्त दोन दिवस ती भिवाजीच्या नजरेला नजर देईना.

चंद्रभागाची हळद पुढे गेली. मांडव तसाच उभा होता सुतकात, पताका फडफडत.

आवडाबाई रडली, खूप रडली, पण एक गोष्ट तिने घट्ट धरून ठेवलेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती तेच सांगायची. माझा पोरगा झोपेत गेला. दोन महिने देवीजवळ झोप मागितली, देवीनं दिली. शेवटाला पोटभर निजला बाय माझा, मी बाजूला बसून वारा घालत होते, कोणाला उठवू दिला नाय. असं म्हणताना तिचा आवाज जरा सुधारायचा. बायका मान हलवायच्या, पुण्यवान होता म्हणायच्या.

भिवाजी ओटीवर बसून हे रोज ऐकायचा. दीड ते चार. मधले अडीच तास. तीनदा येऊन बघितलेलं त्याने. रेतीवर जायला लागला तेव्हा बुडी मारून खाली गेला की त्याला तोच हिशेब सुचायचा, आणि श्वास संपत आला तरी तो वर यायला उशीर करायचा. जोडीदाराने एकदा दोर खेचून वर काढला, शिव्या घातल्या. झोप तर गेलीच होती त्याची. पण आईला सांगणं म्हणजे तिच्याजवळ जे एकच उरलंय ते पण हातातून काढून घेणं. त्याने ठरवलं, हे आपल्याबरोबर जाळायचं.

तेराव्याला रमाबाई आली. सोबत नारळ आणि थोडी साखर. आवडाबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती, भिवाजी पायरीवर. रमाबाईने नारळ आवडाबाईपुढे ठेवला, साखर तिच्या हातातच राहिली. ज्याच्याबरोबर आपला मुलगा बिघडला त्याच्याच घरी बसलोय की ज्याला आपल्या मुलाने बिघडवलं त्याच्या, हे दोघींनाही कधी कळलं नव्हतं, म्हणून त्या एकमेकींशी जपून बोलायच्या.

मग रमाबाईने सांगितलं, मधु रविवारी येतोय. तीन महिने झाले. चांगला झालाय, वजन वाढलंय, आश्रमात भजनाला पेटी धरतो. पण तिकडे चारला उठवतात हो, झोप नाही होत म्हणून लिहिलंय पत्रात.

"मी ठरवलंय बघा. आला की झोपू देणार पोटभर. तुम्ही रतनला जसं जपलंत ना, तसं. कोणाला हाक मारू देणार नाही."

आवडाबाई म्हणाली, "व्हय, झोप मोठी गोष्ट हाय. निजू दे त्याला."

भिवाजी पायरीवरून उठला. तो तिथून जायलाच निघाला होता खरं तर. खाडीकडे. पाच-सहा पावलं गेला पण. आणि परत फिरला.

तो आईकडे न बघता रमाबाईशी बोलला. एका दमात बोलला, नाहीतर बोलता आलं नसतं. रतनचं हार्ट फेल झालं नाही. तो स्टेशनला जाऊन पुड्या घेऊन आलेला, पूर्वीएवढ्याच, आणि बंद केलेल्या माणसाला पूर्वीएवढं घेतलं की ते मारतं. मधु तीन महिने बंद आहे म्हणजे मधुला पण मारेल, एकदाच पुरेल. तो चांगला झालाय म्हणून जास्तच भीती आहे. दारू पाजू नका, कोणी आनंदाने दिली तरी. मी पाजली होती. आणि तो झोपला, आणि असा खोलवरून घोरायला लागला, मध्ये-मध्ये श्वास थांबायला लागला, तर झोप नसते ती. हलवा त्याला, थोबाडीत मारा, कुशीवर करा. उठला नाही तर मला हाक मारा, मी उचलून नेईन, कुठल्याही वेळेला.

रमाबाईच्या हातातून साखरेची पुडी सुटली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

आवडाबाईचं सूप थांबलं होतं. ती भिवाजीकडे बघत होती.

"तवा उठवला असता तर उठला असता?"

इथे खोटं बोलता आलं असतं. भिवाजीने विचार पण केला त्याचा. पण रमाबाई समोर बसलेली, आणि खोटं बोललं तर तीही मधुला उठवणार नव्हती.

"व्हय आये."

आवडाबाईने सूप खाली ठेवलं. तांदूळ तसेच. आत गेली. मधल्या घरात, जिथे चटई असायची तिथे, भिंतीला पाठ लावून बसली. रडली नाही. हे जास्त वाईट होतं. भिवाजी दाराशी जाऊन म्हणाला, आये, निजू दे असं तू नाय म्हणालीस, मी म्हणालो, मालनला मी म्हणालो, मी आधी म्हणालो. तिने मान फिरवली.

त्यानंतर ती भिवाजीशी बोलली नाही. त्याचं जेवण मालन वाढायची. भेटायला बायका आल्या तर आवडाबाई गप्प बसायची. कोणी तिची समजूत काढायला म्हणालं, झोपेत गेला हो, सुखाने गेला, की ती उठून आत जायची. गोमाजीने एकदाच विचारलं काय झालंय. भिवाजीने त्याला सगळं सांगितलं. म्हातारा ऐकून घेऊन म्हणाला, घोरणं मी पण ऐकलं होतं. आणि होडी सोडायला गेला.

रविवारी मधु आला. चाळीत थोडी गडबड ऐकू आली, कोणीतरी ओवाळलं वगैरे. आवडाबाई तिकडे गेली नाही. सोमवारी दुपारी भिवाजी रेतीवरून घरी आला तर आई घरात नाही. मालनला विचारलं. ती म्हणाली, जेवून हात धुतले आणि निघाल्या, काही बोलल्या नाहीत, समोरच्या चाळीत शिरताना बघितलं.

भिवाजी धावतच गेला. त्याला काय-काय वाटलं. वाटलं, रमाबाईला काहीतरी बोलेल, मधुला शिव्याशाप देईल, माझा गेला आणि तुझा कसा राहिला म्हणेल. रमाबाईचं दार उघडंच होतं.

आत मधु कॉटवर झोपलेला. जाड झालेला खरंच, केस बारीक कापलेले. रमाबाई मोरीशी भांडी विसळत होती, पाठमोरी, आणि कॉटच्या कडेला आवडाबाई बसलेली. तिचा हात मधुच्या खांद्यावर. तिने तो हलवला. जोरात, गाढ माणसाला हलवतात तसा.

"मधु. ऊठ."

मधुने एक डोळा उघडला. "मावशी, मी काय घेतलं नाय गं. नुसता झोपलोय."

"मग तसा उठून सांग आणि परत झोप."

"आताच सांगितलं ना. तिसऱ्यांदा."

"चवथ्यांदा सांग. नाव काय तुझा?"

मधुने तिच्याकडे नीट बघितलं. मग तो कोपरावर उठला, त्याने स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं. आवडाबाईने त्याच्या ओठांवरून अंगठा फिरवला, अंगठा उजेडाला धरून बघितला, मग त्याला खांद्याने दाबून परत कुशीवर केला. मधु डोळे मिटून पडून राहिला, पण त्याला काही आता झोप लागणार नव्हती. त्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर गळायला लागलं. आवडाबाईला ते दिसलं का नाही माहीत नाही. ती त्याच्या छातीकडे बघत होती, खालीवर होतेय का.

रमाबाईने भिवाजीला बघितलं आणि नुसता हात केला, राहू दे म्हणून. भिवाजी बाहेर कठड्याशी उभा राहिला. चार वाजले. साडेचार वाजले. मधु उठून चहाला बसला तेव्हा आवडाबाई उठली, पदर सारखा केला आणि दोघं मायलेक चाळीचा जिना उतरले.

खाली गटारावरची फरशी ओलांडताना तिने त्याच्या हाताला धरलं. हात लगेच सोडला नाही तिने. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"तू झोपत नायस."

भिवाजीने डोळे चोळले.

"डोळे बघ कशे झालेत. पाण्यात बुडी मारतंस असल्या डोळ्यांनी." ती चालत राहिली. "चल घरी. आडवा हो थोडा. मी उठवते मधी-मधी."